डहाणूचे मुसलमान : शून्य निकाल

मागच्या उन्हाळ्यात तलासरीकडची एक मुलगी डहाणूला आमच्या रविवारच्या बैठकीला आली. बीएचं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. प्रकल्पासाठी तिनं ‘डहाणू-तलासरी भागातील मुसलमानांचा इतिहास’ हा विषय घेतला होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून शोधनिबंधांचे जे डेटाबेस उघडतात, त्यात तिनं इंग्रजीत ‘डहाणू मुस्लिम हिस्ट्री’ असं टाकलं. शून्य निकाल. मग ‘तलासरी मुस्लिम’. शून्य. ‘पालघर मुस्लिम’ टाकल्यावर निवडणुकीच्या दोन-चार बातम्या आल्या. तिला सांगण्यात आलं, साहित्यच नाही तर लिहिणार काय, त्यापेक्षा वारली चित्रकला घे, ढिगानं मिळेल.

तिनं मला विचारलं, “भाई, म्हणजे आपण इथे नव्हतोच का?”

हा प्रश्न तिच्या डोक्यात संगणकानं घातलेला नव्हता. तो आधीपासून होता. आपल्यापैकी ज्यांची मुलं शाळा-कॉलेजात जातात त्यांना तो ठाऊक आहे. वर्गात, बसमध्ये, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कोणीतरी हसत हसत विचारतं, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ संगणकाच्या पडद्यावरच्या शून्यानं त्या हसण्याला जणू शिक्का मारून दिला. म्हणून या वेळचं संपादकीय शोधशब्दांवर आहे. विषय रुक्ष वाटेल. पण गेल्या वर्षभरात आमच्या गटात यापेक्षा उपयोगी काम दुसरं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. शून्य निकाल आला की आम्ही सर्वांत आधी विचारतो, ‘आपण काय विचारलं?’ यंत्राला इतिहास कळत नाही. तुम्ही टाकलेली अक्षरं साठवलेल्या अक्षरांशी जुळतात का, इतकंच ते बघतं. ग्रंथालयाच्या सूचीत तर बहुधा पुस्तकाचं नाव, लेखक, विषय-शीर्षक आणि फार तर दोन ओळींचा सारांश एवढंच साठवलेलं असतं; पुस्तकाच्या पोटातला मजकूर त्यात नसतो. त्यामुळे ज्यानं पुस्तक लिहिलं आणि ज्यानं त्याची नोंद केली, त्या दोघांचे शब्द आपल्याला ओळखावे लागतात. आपले आजचे शब्द तिथे असतीलच असं नाही.

पहिला घोळ गावांच्या नावांचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचा सगळा कागद ठाणे जिल्ह्याच्या नावावर आहे. २०११ च्या जनगणनेत धर्मवार आकडे शोधायचे तर डहाणू आणि तलासरी ठाण्याखालीच सापडतात. ‘पालघर २०११’ टाकून मूळ तक्ते मिळत नाहीत. आणखी मागे जा. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला आणि तलासरीची गावं इकडे राहिली. म्हणून १९४५ च्या कागदात तलासरीकडची हकिगत हवी असेल तर ‘उंबरगाव’ शोधावं लागतं, तेही इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलेलं. ठाण्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी आज ‘ई’ आहे, इंग्रजांच्या काळात ‘ए’ होता. त्या जुन्या स्पेलिंगनं शोधलं की बांगलादेशातले थाने आणि पोलीस ठाणी धावून येतात. उर्दूतही तीच गत. डहाणूसाठी पोर्तुगीज कागदांत ‘दानू’सारखी रूपं येतात. वारली हा शब्द इंग्रजीत ‘डब्ल्यू’नं लिहितात, जुन्या पुस्तकांत ‘व्ही’नं, आणि आजची शोधयंत्रं तर अतिहुशारीनं विचारतात, तुम्हाला मुंबईतलं वरळी म्हणायचं होतं का?

हे केवळ इतिहासाचं दुखणं नाही. वाढवण बंदराचंच बघा. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचे कागद वाचायचे असतील तर ‘वाढवण’ची इंग्रजीत किमान चार स्पेलिंगं आहेत आणि त्यांतलं एक गुजरातेतल्या सुरेंद्रनगरजवळच्या वढवाणशी जुळतं. डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवणारी अधिसूचना २० जून १९९१ ची, पण तिच्या अंमलबजावणीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा आदेश सापडतो तो ‘बिट्टू सेहगल विरुद्ध भारत सरकार’ या नावानं. निकालाच्या शीर्षकात डहाणू कुठेच नाही. ज्याला हे नाव माहीत नाही, त्याच्यासाठी तो आदेश असून नसल्यासारखा.

दुसरा घोळ माणसांच्या नावांचा, आणि आपल्या मुलीचं अडलं होतं ते मुख्यतः इथे. ‘मुस्लिम’ हा शब्द आज सर्रास आहे, पण जुन्या कागदांत आपण त्या नावानं राहतच नाही. इंग्रज अधिकारी ‘मोहमेडन’ लिहितो किंवा ‘मुसलमान’. पोर्तुगीज ‘मोउरो’ लिहितो. संस्कृत लेखांत ‘ताजिक’, ‘तुरुष्क’, ‘यवन’, ‘म्लेच्छ’ असे शब्द येतात आणि प्रत्येकाचा काळ व रोख वेगळा. कित्येकदा धर्माचं नावच नसतं, धंद्याचं असतं : तांबोळी, पिंजारी, अत्तार, बागवान. आरक्षणाच्या याद्या, मागासवर्गाचे अहवाल चाळताना हे विसरलं की आपलीच माणसं आपल्याला दिसत नाहीत.

तर आम्ही काय केलं? कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात ठिकाणाची नावं, दुसऱ्यात माणसांची, तिसऱ्यात विषयाची. आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या काळात, कोणत्या भाषेत चालत होतं ते. संगणक बंद होता. दीड तास नुसत्या आठवणींवर आणि भांडणांवर गेला. बैठकीतल्या एका चाचांनी ‘संजाण’ सुचवलं. मुलगी म्हणाली, ते तर गुजरातेत. बरोबर आहे, पण तलासरीतून संजाण किती लांब? १९६० नंतर आखलेली रेघ दहाव्या शतकातल्या माणसाला कशी माहीत असणार? संजाण रकान्यात आलं.

मग १८८२ चं मुंबई गॅझेटिअर, ठाणे जिल्ह्याचा खंड. तो इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतो. त्यात ‘मुसलमान’ शोधलं आणि जेमतेम काही जागा दिसल्या. इथे माझा धंदा कामी आला. त्या गॅझेटिअरात ‘आ’ दाखवायला इंग्रजी ‘ए’ अक्षरावर तिरकी रेघ छापलेली आहे. पानांची छायाचित्रं वाचून मजकूर बनवणाऱ्या यंत्रानं त्या रेघेसकट ‘ए’ला बऱ्याच ठिकाणी ‘डी’ समजून घेतलं. म्हणजे ‘मुसलमान’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘डी’ टाकायचा, ‘ठाणा’मध्येही तसंच. तसं केल्याबरोबर पानंच्या पानं उघडली. चुकीचं स्पेलिंग मुद्दाम टाकून बरोबर उत्तर मिळालेलं पाहून ती मुलगी इतकी हसली की बाजूच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. देवनागरीचं दुखणं याहून वाईट आहे. ‘डहाणू’ आणि ‘डहाणु’ यंत्राच्या लेखी दोन वेगळी गावं आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीच्या जुन्या फाँटमधल्या पीडीएफ दिसायला मराठी असतात, पण आतून निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यांच्यात मराठी शब्द टाकून काहीही मिळत नाही. अशा वेळी शोध सोडून पानं उलटणं हाच उपाय.

गॅझेटिअरातून कोकणी मुसलमानांबद्दल मिळालं, पण सरकारी नजरेतून : पोशाख, धंदा, सवयी. तिला त्याआधीचं हवं होतं. संजाणला अरब भूगोलकारांनी ‘सिंदान’ म्हटलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नुसतं ‘सिंदान’ टाकलं तर फारसीतली लोहाराची ऐरण येते, हा आणखी एक विनोद. म्हणून जोडीला दुसरा शब्द लागतो. तो आम्ही घेतला ‘बल्हरा’. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला या नावानं ओळखत. ‘वल्लभराज’चं ते अरबी रूप. ‘सिंदान’ आणि ‘बल्हरा’ दोन्ही असतील तरच दाखव, असं सांगायला मध्ये मोठ्या लिपीत ‘अँड’ लिहायचं. दोन्हींपैकी काहीही चालेल तर ‘ऑर’. एक शब्द नकोच असेल तर त्याच्याआधी ‘नॉट’. शब्दसमूह जसाच्या तसा हवा तर अवतरणचिन्हांत. शेवट बदलत असेल तर मुळापुढे चांदणी, म्हणजे एकवचन-अनेकवचन दोन्ही येतात. बहुतेक ग्रंथालयीन डेटाबेस हे पाळतात. यापलीकडे शोधाचं व्याकरण फारसं नाही, आणि ते पाच मिनिटांत शिकून होतं. वेळ लागतो तो शब्द जमवायला.

त्या जोडशब्दांनी आम्हाला नेलं कुठे, तर पारशी इतिहासाच्या कपाटाकडे. संजाण हे इराणहून आलेल्या पारशांचं आद्य गाव. तिथे २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं, त्यावर लेख लिहिले गेले. त्यांतल्या एका लेखाच्या तळटीपेत ‘चिंचणी ताम्रपट’ असा उल्लेख मुलीला दिसला. चिंचणी म्हणजे आपली, डहाणू तालुक्यातली, तारापूरच्या खाडीपलीकडची. ती चिंचणीला मावशीकडे दर ईदला जाते.

हे ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात लिहिलं आहे की ‘संयान’ मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार ‘मधुमति’ नावाच्या ताजिक कुळातल्या अधिकाऱ्याकडे होता आणि तो त्याला आधीच्या राजानं, दुसऱ्या कृष्णानं, दिला होता. ‘ताजिक’ म्हणजे अरब. ‘मधुमति’ हे ‘मुहम्मद’चं संस्कृत वळण, असं सरकार यांनी मानलं. या मधुमतीनं आसपासच्या बंदरांवर आपले अधिकारी नेमले, नद्यांवर लोकांसाठी फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातलं. आणि संजाणात एका ब्राह्मणानं बांधलेल्या मठिकेच्या डागडुजीसाठी व तिथल्या देवीच्या नैवेद्यासाठी, राजाच्या संमतीनं, जमीन दिली. ताम्रपट त्या दानाचा आहे.

आता हे सूचीत कुठल्या विषय-शीर्षकाखाली बसतं ते बघा. ‘संस्कृत कोरीव लेख’. ‘मुस्लिम’ हा शब्द त्या नोंदीत येण्याचं कारणच नाही. त्यामुळे ‘डहाणू मुस्लिम हिस्ट्री’ला शून्य मिळणारच होतं. आणि ‘ताजिक’ हा शब्द कळल्यावर नुसता तोच टाकला असता तर ताजिकिस्तान आला असता, नाहीतर वर्षफळाचं ज्योतिष, कारण ज्योतिषाच्या एका शाखेलाही ‘ताजिक’ म्हणतात. ‘ताजिक अँड राष्ट्रकूट नॉट ज्योतिष’ असं टाकल्यावर पहिल्याच पानावर मधुमति उभा होता.

बैठकीत टाळ्या वाजल्या. मला मात्र पोटात थोडं गोळ्यासारखं झालं, आणि ते इथे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशीपर्यंत आमच्याच ग्रुपवर ‘डहाणूवर हजार वर्षांपूर्वी मुसलमानांचं राज्य’ असा मजकूर फिरू लागला होता. राज्य राष्ट्रकूटांचं होतं, मधुमति त्यांचा अधिकारी होता. ताम्रपट त्याचं कुळ सांगतो, त्याची नमाज-रोजे सांगत नाही. आणि आज डहाणूत राहणारं कुठलंही कुटुंब त्याचे वंशज आहे असं म्हणायला आपल्याकडे काडीचा आधार नाही. ज्यानं ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारलं त्याला ९२६ सालचा पत्रा दाखवून गप्प करता येईल, असा मोह होतो. पण डहाणूत घर बांधायला, मत द्यायला, ग्रामसभेत बोलायला मला ताम्रपट लागत नाही. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेली राज्यघटना पुरते. उद्या कुणी त्याहून जुना पत्रा आणला, तर काय आपण निघून जायचं?

मधुमतीचा उपयोग वेगळा आहे. एक अरब अधिकारी, त्याचा राष्ट्रकूट राजा, मठिका बांधणारा ब्राह्मण, बंदरं, तरी, अन्नछत्र, हे सगळं एकाच पत्र्यावर नांदतं आणि त्याचं कुणालाच नवल वाटलेलं दिसत नाही. एवढं कळलं तरी त्या मुलीच्या प्रकल्पाला पुरेसं होतं.

खरी परीक्षा पुढे आली. शोधशब्द जसे निवडाल तसं उत्तर येतं. ‘मुसलमानांनी देवळांना दिलेली दानं’ असं शोधाल तर दानंच सापडतील. मी तिला म्हटलं, आता आपल्याला न आवडणारं शोधू. तिसऱ्या रकान्यात वेगळे शब्द लिहिले : वेठ, लग्नगडी, सावकार, जंगल ठेकेदार. इथेही काळाप्रमाणे नावं बदलतात. ‘आदिवासी’ टाकलं तर १९३९ चा डी. सिमिंग्टन यांचा सरकारी अहवाल हातून निसटतो, कारण त्याच्या शीर्षकात ‘अ‍ॅबोरिजिनल’ आणि ‘हिल ट्राइब्ज’ आहे, आणि या मुलखाला ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हटलं आहे. वेठीसाठी इंग्रजीत ‘वेठ’, ‘फोर्स्ड लेबर’, ‘सर्फडम’ असे तीन-चार शब्द घ्यावे लागतात. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी नवरा-बायकोनं सावकाराकडे राबायचं, तो लग्नगडी. इंग्रजी लेखक त्याला ‘मॅरेज सर्फ’ लिहितात. शामराव परुळेकरांची १९४७ ची इंग्रजी पुस्तिका ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ आणि गोदावरी परुळेकरांचं १९७० चं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही दोन्ही या शब्दांनी सापडतात. परदेशी ग्रंथालयांत गोदावरीबाईंचं पुस्तक शोधायचं तर रोमन लिपीतल्या ‘माणूस’च्या शेवटी एक ‘ए’ वाढवावा लागतो, आडनावाच्या शेवटीही. त्यांची लिप्यंतराची पद्धतच तशी आहे.

या साहित्यात काय आहे? १९४५ ची तलासरी-उंबरगावची लढाई आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरीला झालेली परिषद आहे, १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवरचा गोळीबार आहे, त्यात मारला गेलेला जेठ्या गांगड आहे. आणि वारल्यांना राबवणारे जे जमीनदार, सावकार, जंगल ठेकेदार आहेत, त्यांत गुजराती आहेत, ब्राह्मण आहेत, मारवाडी आहेत, पारशी-इराणी आहेत आणि मुसलमानही आहेत.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हे पण लिहायचं?”

मला वाटतं, लिहायचं. आपली चळवळ स्वतःला नागरी चळवळ म्हणवते. बाबरीपासून मॉब लिंचिंगपर्यंत आपल्यावर झालेला अन्याय मोजताना आपण कागद मागतो, तारखा मागतो, नावं मागतो. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरच्या वारल्यानं आपल्याला तेच मागितलं तर ‘साहित्य उपलब्ध नाही’ असं सांगणं आपल्याला शोभत नाही. शेजारी राहायचं असेल तर शेजाऱ्याच्या आठवणीत आपण कोणत्या नावानं आहोत हेही शोधावं लागतं. त्या आठवणीत कदाचित ‘मुसलमान’ हा शब्द नसेल. ‘शेठ’ असेल.

काही व्यावहारिक गोष्टी. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. तिथे विषयापेक्षा प्रबंधाची प्रकरणं आणि संदर्भसूची वाचा, कारण पुढचे पंधरा शोधशब्द तिथेच मिळतात. एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हेही बघा. एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतलं विषय-शीर्षक जसंच्या तसं उतरवून घ्या आणि त्यानं पुन्हा शोधा. नोंद करणाऱ्याचा शब्द आयता हाती येतो. काय टाकलं, कुठे टाकलं, किती निकाल आले, याची वही ठेवा, शून्य आलेले शब्दही लिहा. आणि ग्रंथपालाला विचारायला लाजू नका. आपल्या मुलांना वाटतं, विचारलं तर आपण अडाणी दिसू. तालुक्याच्या ग्रंथालयातल्या माणसाला अनेकदा यंत्रापेक्षा जास्त ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय, असं तरुण वाचक विचारतील. पर्यायी स्पेलिंगं सुचवायला ती चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण तिनं मला एकदा डहाणूच्या मुसलमानांवरचं एक पुस्तक लेखक-प्रकाशकासकट सांगितलं, जे कुठल्याच सूचीत सापडलं नाही. शून्यापेक्षा हे जास्त घातक आहे. तिनं दिलेला शब्द घ्या, तिनं दिलेलं पुस्तक सूचीत दिसेपर्यंत मानू नका.

आमची ती तीन रकान्यांची यादी आता बऱ्यापैकी वाढली आहे आणि दर रविवारी बैठकीत ठेवलेली असते. तिच्यात पुस्तकी शब्द पुष्कळ आहेत, घरातले कमी. तुमच्या घरात दादी-नानी आसपासच्या गावांना, पाड्यांना, बंदरांना, जातींना कोणत्या नावानं ओळखत होत्या, दस्तऐवजांवर, निकाहनाम्यांवर, जुन्या पावत्यांवर गावाचं नाव कसं लिहिलेलं आहे, ते लिहून पाठवा. मराठीत, उर्दूत, गुजरातीत, जसं असेल तसं; शुद्धलेखन सुधारू नका.

मुलीनं विषय बदलला नाही. तिचं पहिलं प्रकरण संजाण आणि चिंचणीवर आहे, ते लिहून झालं. दुसऱ्यासाठी ती सध्या सावकारांच्या नावांची स्पेलिंगं जमवते आहे.